औषध सुटते तेव्हा

गोंदिया शहराजवळचे नागरा हे गाव जुन्या शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ओळखले जाते. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हे गाव भंडारा जिल्ह्यात होते. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचा हा धानपट्टा आरोग्य खात्याला फार पूर्वीपासून कुष्ठरोगाचा पट्टा म्हणून माहीत आहे. आज याच पट्ट्यात सोरायसिसचा रुग्ण मलम अर्धवट टाकतो, गोळ्या मधेच थांबवतो आणि चट्टे अंगभर पसरले की पुन्हा दवाखाना गाठतो, तेव्हा डॉक्टरांपासून घरच्यांपर्यंत सगळे त्याच्या हलगर्जीपणाला बोल लावतात. माझ्या मते हा बोल चुकीच्या माणसाला लागतो, आणि त्याचा पुरावा विदर्भातल्या कुष्ठरोगाच्या औषधोपचाराच्या इतिहासातच आहे. या दोन आजारांची गाठ तशी जुनीच आहे. चरकसंहितेत सांगितलेल्या 18 कुष्ठांपैकी एककुष्ठ आणि किटिभ यांची लक्षणे सोरायसिसशी मिळतीजुळती आहेत. युरोपातही 1841 मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने हा आजार कुष्ठरोगापासून ठामपणे वेगळा काढला. वैद्यकाने दोन आजार वेगळे केले, पण गावाच्या नजरेतली भीती वेगळी झाली नाही.

कुष्ठरोगावर आधी कडुकवठाचे तेल होते. त्याची इंजेक्शने वर्षानुवर्षे घ्यायची, ती दुखायची आणि गुण येईलच असा भरवसा नसायचा. मग डॅप्सोन आले आणि गोळीवर उपचार शक्य झाला. 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले होते. 1951 मध्ये वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले आणि तिथल्या डॉ. वार्डेकरांनी रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार अशी पद्धत बसवली. 1955 च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने तीच वाट धरली. तरीही गोळ्या सुटत राहिल्या. सुटणारच होत्या. पुष्कळ जंतू असलेल्या रुग्णाला डॅप्सोन अनेक वर्षे, बहुधा जन्मभर घ्यावे लागे. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेल्या, बधिर बोटांच्या मजुराला आजची गोळी उद्यापर्यंत काय करते हे दिसतच नसे. 1964 मध्ये मलेशियातल्या रुग्णांत डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. एकट्या औषधावर वर्षानुवर्षे भिस्त आणि त्यातही खंड, या दोन्हींची ती किंमत होती.

बदल झाला तो औषधयोजनेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1981 च्या शिफारशीनंतर बहुविध औषधोपचार आला, आणि तो सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. आता मुदत ठरली: कमी जंतूंच्या रुग्णाला 6 महिने, जास्त जंतूंच्या रुग्णाला आधी 24 आणि पुढे 12 महिने. महिन्याची मोठी मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायची, बाकीच्या गोळ्या 28 दिवसांच्या पाकिटात ओळीने लावलेल्या. कुठली गोळी राहिली ते न वाचता येणाऱ्यालाही दिसावे. या औषधांतले क्लोफाझिमिन कातडी काळपट करते, रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते. तरीही असंख्य लोकांनी उपचार पुरा केला. माणसे तीच होती, गरिबी तीच होती, शिक्षणही फारसे वाढले नव्हते.

इथे रास्त आक्षेप येतो. कुष्ठरोगाला जंतू आहे आणि उपचाराला शेवट आहे. सोरायसिस संसर्गजन्य नाही, तो प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होतो आणि मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. 2014 च्या ठरावात जागतिक आरोग्य संघटनेनेही तसेच म्हटले आहे. मग मुदत कुठून द्यायची? बरे होण्याची देता येणार नाही हे खरे, पण तपासणीची देता येते: तीन महिन्यांनी चट्ट्यांचा पसारा, जाडी, लाली आणि पापुद्रे पुन्हा मोजू, असे रुग्णाला सांगता येते. हे मोजमाप 1978 पासून उपलब्ध आहे. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: औषध सोडल्याने आजार बळावतो, की बळावलेल्या आजाराला कंटाळून माणूस औषध सोडतो? दोन्ही घडते, आणि म्हणूनच रुग्णाच्या स्वभावाकडे बोट दाखवून भागत नाही. झटपट आराम म्हणून दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम थांबल्या, तर अंगभर पूयुक्त पुरळ उठून जिवावर बेतू शकते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, ते चुकून रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. डांबराचे मलम कपड्यांना डाग पाडते, वास येतो; दोनच जोड कपड्यांत राहणारा माणूस ते किती दिवस लावेल? अशा उपचारात नीट सांगणे हाही औषधाचाच भाग आहे, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदा कात्री लागते ती त्यालाच.

कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत आशाताई दारोदार जाऊन अंगावरचे डाग पाहतात. बधिर डाग आढळला तर त्या माणसाचे नाव यादीत जाते, औषध फुकट मिळते आणि पाठपुरावा होतो. सोरायसिसचा चट्टा बधिर नसतो, म्हणून ते नाव त्या यादीत येत नाही. गोंदियाला 2016 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागऱ्याहून ते दूरही नाही. पण तिथून आणलेले मलम दुसऱ्या महिन्यात लावले जाते की नाही, हे विचारायला त्या दारात कुणी पुन्हा जात नाही. दार माहीत आहे, तपासणारे हात तयार आहेत, निम्मे काम त्या एका फेरीत झालेलेच असते.