आधी बाहेर, मग आत: नाशिककडच्या परकराची गोष्ट

1878 साली न्यायमूर्ती रानडे यांची नाशिकला बदली झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. आपले पहिले जाहीर भाषण त्यांनी याच गावात केले. त्या काळच्या नाशिककर बाईच्या अंगावर नऊवारी लुगडे असे आणि त्याखाली परकर नसे. परकराची गरजच नव्हती. निऱ्या पुढे, कासोटा मागे; घोळ, आडोसा आणि उठाव हे सगळे लुगडेच देई. गोदावरीच्या घाटावर धुणे धुवायचे, शेतात वाकायचे, जात्यावर बसायचे, तरी नेसण सुटत नसे.

शहरापासून काही मैलांवरच, देवळालीत, 1861पासून इंग्रजी फौजेची छावणी होती. 1865 साली थळ घाट ओलांडून रेल्वे इगतपुरीला पोचली आणि गोऱ्या कुटुंबांची ये-जा वाढली. त्यांच्या मायदेशी तेव्हा अगदी उलट विचार रूढ होता. झग्याला घेर हवा म्हणून पूर्वी बायका एकावर एक सहा-सहा खळ घातलेले पेटीकोट चढवत. 1856 साली पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचे पेटंट निघाले आणि तो भार एकदम हलका झाला. हलका झाला खरा, पण त्या घेरात शेकोटीची ठिणगी पडून कित्येक जणी भाजून मेल्या. 1870च्या सुमाराला घेर पाठीमागे सरकला आणि पिंजऱ्याची जागा कमरेमागच्या उशीने घेतली. एकीकडे कापड स्वतःच्या निऱ्यांवर उभे राहत होते, दुसरीकडे त्याला आतून सांगाडा लागत होता.

परकर मराठी घरांत होता, पण तो वरून घालायचा. परकर-पोलके हा मुलींचा पोशाख: खणाचे पोलके, काठाचा परकर, आणि घर सधन असेल तर येवल्याच्या पैठणीचासुद्धा. लग्न झाले की परकर सुटे आणि लुगडे येई, आणि लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. म्हणजे परकराची वर्षे किती थोडी! शारदा कायदा 1930च्या एप्रिलमध्ये अमलात आला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. मुली शाळेत जास्त काळ राहू लागल्या, तशी परकराची वर्षेही लांबली. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या पोशाखाची आठवण सहसा कोणी काढत नाही, पण ती काढायला हवी.

परकर साडीखाली गेला तो वेगळ्या वाटेने. 1864च्या सुमाराला सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईत एका पारशी कुटुंबात राहिल्या. पारशी बायकांची पेटीकोट आणि जाकिटावर साडी नेसण्याची रीत त्यांनी उचलली, आपल्या पद्धतीने बदलली आणि बंगालमध्ये नेली. पुढे देशभर पसरलेल्या सहावारी नेसणीचे एक मूळ असे मुंबईत सापडते. 1883 साली अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशींपुढे प्रश्न थंडीचा होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. त्यांनी तिथे गुजराती पद्धतीची नेसण स्वीकारली. तिच्यात पाय झाकले जात आणि आत पेटीकोट घालता येई.

मराठी गावांत ही सहावारी नेसण ‘गोल पातळ’ म्हणून आली, ती विसाव्या शतकात आणि हळूहळू. कासोटा सोडणे अनेक घरांत सहजासहजी मान्य झाले नाही. पण शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ती धरून ठेवली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कापडटंचाईत कमी वारांचे लुगडे सोयीचेही होते. हिशेब मात्र नीट करून पाहावा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. सहा वार म्हणजे साडेपाच मीटर, त्यात परकराचे दोन-सव्वादोन मीटर मिळवा: पावणेआठ! कापड फारसे वाचलेच नाही. वाचले ते महागडे कापड. त्याच्या जागी साधे पॉपलीन आले.

असले साधे सुती कापड विणणारे मोठे गाव नाशिक जिल्ह्यातच आहे. 1857च्या धामधुमीनंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात हातमाग रुजवला, पुढे त्याची जागा पॉवरलूमने घेतली. मालेगावचे कोरे कापड रंगाईसाठी बाहेरगावी जाते. येवल्याच्या पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा गौरव झाला. तो रास्तच आहे. पण पैठणीला आतून आधार देणाऱ्या साध्या कापडामागेही तितकेच कष्टाळू हात असतात.

परकर शिवणाऱ्याचे कसब कळ्यांत दिसते. सरळ पट्टा नाडीत चुणून घेतला की कमरेला कापडाचा गठ्ठा होतो आणि तो निऱ्यांखाली फुगतो. कळी वर अरुंद, खाली रुंद असते. सहा किंवा आठ कळ्या जोडल्या की कंबर सपाट राहते आणि घेर पायाशी मोकळा होतो. तळाला झालर लावली तर निऱ्या पायांत न अडकता पुढे पडतात.

घेरदार झग्याचा तो जुना सांगाडाही आता लग्नाच्या मांडवात आला आहे. 1947च्या फेब्रुवारीत ख्रिश्चन दिओर यांनी पॅरिसमध्ये घेराला पुन्हा मान मिळवून दिला. पुढच्या दशकात नायलॉनच्या जाळीने पोलादाचे काम हलक्या हाताने केले. तीच जाळी आज घागरा आणि गाऊनखाली ‘कॅनकॅन’ म्हणून वापरतात. निवडताना जाळीचे थर कमरेपासून नव्हे, नितंबांच्या खालून सुरू होतात ना, हे आधी पाहावे. जाळीच्या आत सुती अस्तर हवेच, नाहीतर दोन तासांत पाय ओरबाडून निघतात.

नाडीचा विषय मात्र गंभीर आहे. 2024 साली वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन बायकांची नोंद प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळून बांधल्याने त्यांना जखमा झाल्या आणि त्यांत त्वचेचा कर्करोग निघाला. त्यांतली एक परकर न घालता लुगडेच घट्ट नेसणारी होती, म्हणजे दोष एकट्या परकराचा नव्हे, आवळण्याचा. कातडी काळी पडली, सोलवटली, तर नाडीची जागा बदलावी, गाठ सैल करावी, आणि जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावी. नाडीऐवजी रुंद कंबरपट्टी शिवून घेतली की ताण पसरतो. पैठणीसारख्या जड रेशमाखाली सॅटिन घसरते, म्हणून सुती परकर बरा. तो शिवण्याआधी कापड एकदा भिजवून आटवून घ्यावे आणि लांबी साडीच्या काठापेक्षा बोटभर आखूड ठेवावी.