छायाचित्रणातील खेळ आणि ऐतिहासिक पुरावा

स्मार्टफोनने टिपलेल्या छायाचित्रावर अ‍ॅपच्या साह्याने रंग चढविणे, मागील देखावा बदलणे, काठीच्या टोकाला फोन अडकवून मित्रमंडळींसह स्वतःचे चित्र काढणे, हे प्रकार आज सर्वत्र दिसतात. अशा चित्रांना निव्वळ करमणूक मानून पुराव्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाचा कल होणे स्वाभाविक आहे. परंतु हा निर्णय घाईचा ठरेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून त्याची कारणे येथे संक्षेपाने मांडली आहेत.

या खेळाचा आरंभ स्मार्टफोनपासून झालेला नाही. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली विक्रीस आणलेल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. त्याची किंमत २५ डॉलर होती. १९०० साली आलेला ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. चित्र धुण्याच्या व छापण्याच्या खटाटोपातून सुटका झाल्यावर हौशी माणसाच्या वाट्यास उरला तो केवळ टिपण्याचा आनंद.

स्वतःचे चित्र स्वतः काढण्याच्या साधनांचा क्रम याहूनही उद्बोधक आहे. जपानमधील मिनोल्टा कंपनीत काम करणारे हिरोशी उएदा यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅमेऱ्यासाठी लांबविता येणारी काठी योजिली. तिच्या जोडीने १९८३ साली आलेल्या डिस्क-७ कॅमेऱ्याच्या पुढील बाजूस लहानसा आरसा बसविलेला होता. काठी फारशी खपली नाही. उलट १९९५ साली निघालेल्या निरुपयोगी जपानी शोधांच्या एका विनोदी पुस्तकात अशाच काठीची गणना झाली. पुढे २००० साली जपानमध्ये आलेल्या शार्प कंपनीच्या कॅमेरायुक्त फोनवर, भिंगाशेजारी, पुन्हा तसाच आरसा दिसतो. चित्र काढताक्षणीच इतरांस पाठविण्याची रीत रूढ झाली आणि २०१४ च्या सुमारास तीच काठी जगभरच्या बाजारांत आली. उपकरणाची उपयुक्तता त्याच्या रचनेवर नव्हे, तर भोवतालच्या सामाजिक व्यवहारावर अवलंबून असते, हा निष्कर्ष यावरून निघतो.

अभ्यासकाची खरी अडचण मात्र फिल्टरमुळे उद्भवते. २००९ मधील हिपस्टामॅटिक आणि ऑक्टोबर २०१० मधील इन्स्टाग्राम या अ‍ॅपांनी फिकटलेले रंग, काळवंडलेले कोपरे व चौरस चौकट या गोष्टी लोकप्रिय केल्या. स्वस्त भिंग, फिल्मचा प्रकार आणि सरलेली वर्षे यांच्या या खुणा. त्यांवरून चित्राच्या काळाचे अनुमान बांधता येत असे. आता त्या बोटाच्या एका स्पर्शाने मिळतात. मूळ फाइलीत दिनांकादी नोंद असते खरी, परंतु समाजमाध्यमांतून फिरताना ती बहुधा गळून पडते. म्हणजे जे लक्षण साक्षीदार होते, ते अलंकार झाले आहे.

तथापि, असा पेच सर्वस्वी नवा नव्हे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणप्रेमींची संस्था स्थापन झाली. तिच्याशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील रहिवासी व पाहुणे यांच्या जातिजमातींवरील दोन खंड १८६३ ते १८६६ या काळात प्रसिद्ध केले. त्यांत वेगळ्या ठिकाणी टिपलेल्या व्यक्तिसमूहांच्या मागे दुसऱ्याच स्थळांचे देखावे जोडलेले आढळतात. ती माणसे त्या स्थळी उभी होती, याचा हा पुरावा नव्हे. परंतु शहरातील लोकांना ‘नमुन्यां’च्या रूपाने मांडू पाहणाऱ्या वासाहतिक दृष्टीचा तो बलवत्तर पुरावा आहे. या खंडांतील जोडकाम केवळ लबाडी म्हणून बाजूस सारले, तर ही दृष्टीच आपल्या नजरेआड होईल.

हाच न्याय आजच्या चित्रांनाही लावणे प्राप्त आहे. बदललेले चित्र आपल्या विषयाबद्दल कमी सांगते. मात्र ते बदलणाऱ्याच्या इच्छेबद्दल, आपण कसे दिसावे व कोणता काळ आपलासा वाटावा या आकांक्षेबद्दल, पुष्कळ सांगते. ही दुहेरी साक्ष हाती राहावयाची असेल, तर संग्रहालयांनी कौटुंबिक छायाचित्रे स्वीकारताना मूळ फाइल, बदललेली प्रत आणि वापरलेल्या अ‍ॅपचे नाव या तिन्ही गोष्टी एकत्र जतन कराव्यात. त्यांपैकी एक जरी हरवली, तरी पुढील अभ्यासकास खेळ आणि काळ यांतील भेद करता येणार नाही.