विद्युद्भार कोठे वसतो?

पावसाळ्याच्या तोंडाशी, हवा दमट आणि रात्र शांत असताना, पेण-रोह्याच्या बाजूला उच्च दाबाच्या तारांखाली क्षणभर उभे राहावे. वरून बारीक सरसर ऐकू येते. हा आवाज कसला, असे कोणी विचारले तर ‘वीज वाहते आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण खरे पाहता तो तारेच्या पृष्ठभागावर दाटलेल्या विद्युद्भाराचा आवाज असतो. हा भार पृष्ठभागावरच का दाटतो, हे कळावयास युरोपातील विद्वानांना ऐंशी-एक वर्षे खपावे लागले. तीच हकीकत आज आपण पाहू.

1755 साली बेंजामिन फ्रँकलिनने एका चांदीच्या पात्राला विद्युद्भार दिला आणि रेशमी दोऱ्याने बुचाचा गोळा आत सोडला. गोळा तळाला टेकला, तरी बाहेर काढल्यावर त्यावर भाराचा मागमूस नव्हता. फ्रँकलिनला याचे कारण सापडेना. त्याने हे कोडे आपला मित्र जोसेफ प्रीस्टले याच्यापुढे ठेवले. प्रीस्टलेने 1766 मध्ये प्रयोग पुन्हा केला आणि पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, हा न्यूटनचा सिद्धान्त त्याला आठवला. तेव्हा विद्युत्प्रेरणाही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असली पाहिजे, असे त्याने ताडले. पुढे हेन्री कॅव्हेंडिशने हेच अधिक काटेकोरपणे सिद्ध केले. पण कागद पेटीतच ठेवले! मॅक्सवेलने ते 1879 साली छापले, तोवर कॅव्हेंडिशला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. मधल्या काळात, 1785 साली, फ्रान्समध्ये कूलोंबने पीळ-तराजूने तोच नियम मोजून दाखविल्यामुळे नियमाला नाव मिळाले ते कूलोंबचे.

मर्म साधे आहे. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात. वाहकात त्यांना हिंडण्याची मुभा असते. म्हणून आत काहीही ओढाताण उरेनाशी होईपर्यंत ते सरकत राहतात आणि शेवटी पृष्ठभागावर स्थिरावतात. गोळा एकटाच असला तर भार सर्वत्र सारखा पसरतो. कूलोंबने मात्र निरनिराळ्या आकारांच्या वाहकांना लहानशी धातूची चकती टेकवून ठिकठिकाणचा भार मोजला. जेथे पृष्ठभाग अधिक वळलेला, तेथे भाराची दाटी अधिक, असे त्याला आढळले. टोकाशी ही दाटी इतकी होते की भोवतालची हवाच विद्युद्वाहक बनते. पावसात तारेवर लोंबणारा थेंब हे असेच एक टोक. वर म्हटलेली सरसर येते ती तेथून. म्हणूनच मोठ्या दाबाच्या मार्गावर एकेका तारेऐवजी दोन-दोन तारा जवळजवळ ताणतात आणि जोडांशी गुळगुळीत कडी बसवितात.

1836 साली मायकेल फॅरेडे बारा फूट लांबी-रुंदी-उंचीच्या धातूने मढविलेल्या खोलीत शिरून बसला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या. आत त्याच्या नाजूक उपकरणांना काहीच जाणवले नाही. वळवाच्या पावसात शेतावर वीज पडून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी ऐकतो. अशा वेळी झाडाखाली उभे राहण्यापेक्षा एस.टी.च्या बंद गाडीत, धातूला न शिवता, बसणे पुष्कळ सुरक्षित का, याचे उत्तर फॅरेडेच्या त्या खोलीत आहे.

आता घराजवळचे थोडे सांगून पुरे करतो. रोह्याच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा आहे. तेथील वीजघर 1927 साली सुरू झाले. त्यासाठी मुळा नदीचे, एरवी पूर्वेकडे जाणारे पाणी मुळशीच्या धरणात अडवून बोगद्यातून कोकणात उतरविले गेले. ज्या मावळ्यांची शेते त्या धरणाखाली गेली, त्यांनी 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो अयशस्वी झाला. भिऱ्याची वीज मुंबईला गेली. ज्या खेड्यांच्या भोवती ती निर्माण झाली, त्यांतील अनेक घरांत दिवा लागावयास पुढे कित्येक वर्षे लोटली. वीजघरातून सुटलेले पाणी आजही कुंडलिकेतून रोह्यावरून खाली जाते.

विद्युद्भार कोठे दाटेल हे वाहकाचा आकार ठरवितो. त्यात कोणाची इच्छा चालत नाही. पण वीज कोणाच्या घरी जावी आणि तिच्यासाठी कोणाची जमीन बुडावी, हे माणसांनी ठरविले होते. त्या तारांखालून जाताना आपण या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या, एवढेच आमचे सांगणे.