कमी आकडा म्हणजे पाणी?

काकांच्या शेतातल्या बोअरला २१० फुटांवर पाणी लागलं, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. फोनवर काका म्हणाले, "पानी त लागलं बाबू, पन खारं लागलं." पैसे कर्जाऊ होते. जागा दाखवायला या वेळी पाणाड्या, नारळ, कडुलिंबाची डहाळी असं काही नव्हतं. रीतसर मशीन आणलं होतं. मशीनवाल्याने दिलेल्या आकड्यांच्या चिठ्ठीचा फोटो काकांनी पाठवला आणि विचारलं, "तू इंजिनेर हायेस. सांग, मशीन खोटं बोललं का?"

मी इंजिनीअर आहे तो सॉफ्टवेअरचा. पण काकांना ते कारण पुरलं नसतं. मग सुट्टीच्या दिवशी त्या चिठ्ठीमागचा इतिहास शोधायला बसलो.

चिठ्ठीचं मूळ पॅरिसमध्ये आहे. कॉनराड श्लुंबर्गर हे तिथल्या खाणविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. जमिनीत वीज सोडून खालचे खडक ओळखता येतील का, हा त्यांचा ध्यास. सुरुवातीचे प्रयोग त्यांनी तांब्याच्या टबात माती भरून केले आणि १९१२ साली नॉर्मंडीतल्या कुटुंबाच्या जमिनीवर तारा, सळया आणि मीटर घेऊन प्रत्यक्ष मोजणी केली. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ साली चार सळयांची रीत मांडली: बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा, आतल्या दोन सळयांमध्ये व्होल्टेज मोजायचं. त्यावरून जमिनीची रोधकता निघते, ओहम-मीटरमध्ये. सळया जितक्या लांब न्याव्यात, तितका करंट खोल जातो. काकांच्या शेतात आलेला माणूस शंभर वर्षांनंतर हेच करत होता, फक्त तारेची रिळं प्लास्टिकची होती.

या विद्येला पैसा आणि नाव मिळालं ते तेलामुळे. पाणी शोधणारे मागून आले आणि त्यांनी तेलवाल्यांचीच हत्यारं वापरली. १९४२ साली शेल कंपनीच्या गस आर्ची यांनी एक सूत्र दिलं. त्याचा मथितार्थ असा, की वाळूतून वीज नेतं ते वाळूच्या कणांमधलं पाणी. पाणी जितकं खारट, तितकी रोधकता कमी. मात्र हे स्वच्छ वाळूपुरतं खरं आहे. चिकणमाती आली की सूत्र बिघडतं, कारण चिकणमाती स्वतःच वीज वाहून नेते.

काकांचं शेत दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. (परभणीकडची, गोदावरीला मिळणारी पूर्णा वेगळी, ही सातपुड्यातून येते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते.) महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. इथे मात्र तो पाषाण खचून लांबट खळगा झाला आणि नद्यांनी तो गाळाने भरला. काही ठिकाणी हा गाळ ३०० मीटरहून जास्त खोल आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि जाड वाळू. तिथलं पाणी गोड, म्हणून अचलपूर-अंजनगावकडे संत्री आणि केळी. तिथून खाली नदीकडे यावं तसा गाळ बारीक होत जातो आणि पाणी खारट. हाच खारपाणपट्टा. हे मीठ आलं कुठून यावर वाद आहेत. कोणी जुन्या कोरड्या हवामानाकडे आणि आटलेल्या पाण्याकडे बोट दाखवतं, कोणी निचरा न होणाऱ्या जमिनीकडे. आजीला त्याची फिकीर नव्हती. तिच्या लेखी गोड पाणी म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळी झाकून ठेवलेली घागर.

आता चिठ्ठी. आकडे आधी उतरत गेले होते, तीन ओहम-मीटरपर्यंत, आणि शेवटी थोडे चढले होते. सगळ्यात खालच्या आकड्याभोवती लाल पेनने गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "पाणी".

घोळ या गोलात होता. काळ्या पाषाणात हा नियम बरोबर चालतो. अखंड खडकाची रोधकता शेकड्यांत असते. तो झिजला, फुटला, त्यात पाणी शिरलं की आकडा पडतो. म्हणून पडलेला आकडा म्हणजे पाणी. महाराष्ट्रात बोअरची जागा दाखवणाऱ्यांचा हात बसलेला असतो तो या पाषाणावर. गाळात मात्र हाच नियम उलटतो. तिथे गोड पाण्याची वाळू साधारण वीस-तीस किंवा त्याहून वरचा आकडा दाखवते, आणि तीन म्हणजे एक तर चिकणमाती, नाही तर मीठ. मशीन खरंच बोललं होतं. त्याचं बोलणं पाषाणाच्या भाषेत वाचलं गेलं.

मी त्या आकड्यांवर प्रोग्रॅम चालवला. खालचे थर कल्पायचे, वर काय आकडे यावेत ते काढायचं, चिठ्ठीशी ताडायचं. पहिलं उत्तर आलं: पाच मीटर जाडीचा, दोन ओहम-मीटरचा थर. मी खूश. दुसऱ्यांदा चालवलं तर उत्तर आलं: दहा मीटर जाडी, चार ओहम-मीटर. दोन्ही चिठ्ठीशी तंतोतंत जुळत होती. दोन तास मी माझ्या कोडमधला बग शोधत होतो. बग नव्हता. जाडी भागिले रोधकता दोन्हीकडे अडीच येते, आणि पातळ, वीज वाहणाऱ्या थराबद्दल जमिनीवरून जवळपास तेवढंच कळतं. रेमाँ माये या फ्रेंच भूभौतिकीतज्ज्ञाने १९४७ साली अशा राशींना नाव दिलं, "दार झारूक", ट्युनिसियातल्या एका जागेवरून. दोन उत्तरांतलं खरं कुठलं, हे ठरवायला शेजारच्या एखाद्या बोअरमधून निघालेल्या मातीची नोंद लागते.

शिवाय तार बांधापासून बांधापर्यंतच, म्हणजे सुमारे शंभर मीटर ताणली होती. एवढ्यात भरवशाचं दिसतं ते सत्तर-ऐंशी फुटांपर्यंत. २१० फूट हा आकडा मशीनने दिलाच नव्हता, तो माणसाने दिला होता.

२०१३च्या सुमारास केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने हेलिकॉप्टरखाली तारेचं मोठं कडं टांगून देशात सहा ठिकाणी अशीच मोजणी केली. त्यात पाटणा होतं, जैसलमेर होतं आणि नागपूरजवळची चंद्रभागाही (पुन्हा नावांचा घोळ, ही पंढरपूरची नव्हे). तिथेही निघते ती रोधकताच, आणि ती ताडायला तिथेही बोअरच्या नोंदी घ्याव्या लागल्या.

दिवाळीत गावी गेलो. काकांना दुसरा बोअर मारायचा होता, शंभर फूट पलीकडे. क्षारता मोजायचं हातातलं छोटं यंत्र घेऊन आम्ही दोघं आसपासच्या सात विहिरी-बोअर फिरलो. कमी खोलीची एक विहीर जरा बरी होती. खोल गेलेल्यांपैकी एकही पिकाला द्यावा असा नव्हता.

"मंग तुही मशीन काय म्हन्ते?"

"काका, बोअर नका मारू."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांनी शेततळं खणलं. या चिकण जमिनीत पाणी फारसं मुरत नाही, त्यामुळे तळाला प्लास्टिकही लागलं नाही. साठतं ते पावसाचं, म्हणून गोड. बोअरच्या तोंडावर फरशी टाकली आहे आणि कर्जाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.