तळटीप : ‘तेल्या’ आणि मित्रजिवाणू

‘तेल्या’ म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा. कारण झॅन्थोमोनास हा जिवाणू. पानांवर आधी तेलकट, पाणी भरल्यासारखे ठिपके येतात, मग फळावर काळे डाग पडून ते ‘वाय’ किंवा ‘एल’ आकारात तडकते. संगमनेर-राहात्याच्या बागाईतदाराला हे सांगायला नको. टीप शहरी वाचकासाठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ हा वाण बाजारात गाजला, पण तेल्यापुढे त्याचेही काही चालत नाही. रोग पावसाच्या शिंतोड्यांतून आणि रोगट झाडाच्या गुटी कलमातून पसरतो, म्हणून पावसाळ्यातल्या मृग बहारात जोर अधिक.

लेखकाचे ‘मित्रजिवाणू’ म्हणजे स्यूडोमोनास फ्लुरोसन्स व बॅसिलस सबटिलिस. ते प्रतिजैविके सोडतात, रोगजंतूला लागणारे लोह पळवतात, त्याची जागा अडवतात. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांच्याभोवती रोगजंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते खरे. भर पावसात पानावर तेवढाच गुण येईल असे नाही. लेखकाचा उत्साह इथे जरा पुढे धावला आहे.

रोगजंतू रोखतात का हे पाहायला समुद्री गवतावरच्या जिवाणूंचीही बशीत अशीच चाचणी घेतात. इंडोनेशियात अशा गवताच्या कुरणांलगतच्या प्रवाळांत रोग निम्म्याने कमी आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात श्रेय गवताचे किती आणि जिवाणूंचे किती, हा वेगळा प्रश्न. — संपा.