परीक्षा आणि प्रार्थना : इस्लामी विद्यापरंपरेंतील एक प्रकरण

परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक म्हणून येरझारा घालण्याचा प्रसंग आमच्यासारख्या शिक्षकांस दरवर्षीं येतो. प्रश्नपत्रिका हातीं पडण्यापूर्वींचें तें चार-पांच मिनिटांचें मौन मोठें बोलकें असतें. कोणी खिशांतील अंगाऱ्याची पुडी चांचपतो, कोणी उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर हळूच 'श्री' काढतो. आणि एखादा मुसलमान विद्यार्थी दोन्ही तळहात वर करून ओठांतल्या ओठांत कांहीं म्हणतो व ते हात चेहऱ्यावरून फिरवितो. तो त्या क्षणीं काय मागत असेल? उत्तीर्ण होण्याचें दान मागत असेल, असें आम्ही पुष्कळ वर्षें गृहीत धरलें होतें. पुढें जुने ग्रंथ चाळूं लागलों, तेव्हां आमची ही समजूत फारशी बरोबर नव्हती असें ध्यानांत आलें.

विद्यार्थ्यांच्या तोंडीं सर्वांत अधिक असलेल्या दोन प्रार्थना कुराणाच्या एकाच अध्यायांतल्या, म्हणजे 'ताहा' नांवाच्या विसाव्या अध्यायांतल्या आहेत. पहिली अगदीं तीन शब्दांची. प्रभूनें आपलें ज्ञान वाढवावें, एवढीच तींत याचना आहे. परंतु ती ज्या संदर्भांत आली आहे तो विसरतां कामा नये. ईश्वरी वचन पुरें प्रकट होण्यापूर्वीं तें म्हणण्याची घाई करूं नये, असें पैगंबरांस सांगून मग ही याचना शिकविली आहे. दुसरी प्रार्थना मूसाची. फेरोसारख्या मदांध राजापुढें जाऊन बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां त्यानें आपलें हृदय विशाल व्हावें, कार्य सुकर व्हावें आणि लोकांस आपलें बोलणें समजावें म्हणून जिभेची गांठ सुटावी, असें मागितलें. प्रश्नांच्या भडिमारापुढें उभ्या राहणाऱ्या मुलास हे शब्द आपलेसे वाटावेत यांत नवल नाहीं. मूसानें आणखी एक मागणें केलें होतें : भाऊ हारून यास आपल्या मदतीला द्यावें. पहिल्या तीन मागण्यांस आमची हरकत नाहीं. ही चौथी मात्र कोणत्याहि पर्यवेक्षकास मान्य करतां येणार नाहीं!

या प्रार्थना परिश्रमांच्या बदल्यांत म्हटल्या जात नसत, याचें उत्तम उदाहरण इब्न सीना या विख्यात वैद्य-तत्त्वज्ञाच्या (९८०-१०३७) आत्मवृत्तांत सांपडतें. एखादा तार्किक प्रश्न अडला व अनुमानांतील मधलें पद सांपडेना, म्हणजे तो मशिदींत जाऊन नमाज पढे व कोडें सुटेपर्यंत ईश्वराची करुणा भाके. रात्रीं घरीं येऊन दिवा पुढें ठेवून पुनः वाचावयास बसे. ॲरिस्टॉटलचें 'तत्त्वमीमांसा' हें पुस्तक त्यानें चाळीस वेळां वाचलें. तें पाठ झालें, पण कळलें नाहीं. एके दिवशीं बाजारांत एका दलालानें गळीं पडून तीन दिरमांस एक पुस्तक त्यास विकलें. तें त्याच विषयावरील अल्-फाराबीचें विवेचन निघालें आणि सारा अर्थ उलगडला. दुसऱ्या दिवशीं इब्न सीनानें गोरगरिबांस पुष्कळ दानधर्म केला. चाळीस पारायणें आधीं, आणि ईश्वराचे आभार मागाहून, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळीं मध्य आशियांतील जर्नूजी या पंडितानें विद्यार्थ्यांच्या आचारावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. तो पुढें कित्येक शतकें मदरशांतून वाचला जात असे. त्यांत आपल्या पंतोजींच्या तोंडीं शोभतील अशा गोष्टी आहेत. विद्यारंभ बुधवारीं करावा, रोज सकाळीं अनशापोटीं एकवीस बेदाणे खावे, हिरवी कोथिंबीर आणि आंबट सफरचंदें स्मृतीस अपायकारक जाणून वर्ज्य करावीं, थडग्यांवरील लेख वाचूं नयेत, असे अनेक विधिनिषेध त्यानें सांगितले आहेत. पुस्तक हातीं घेतांना म्हणावयाचें ईशस्मरणहि दिलें आहे. परंतु स्मृति वाढविण्याच्या साधनांत त्यानें अग्रस्थान दिलें तें उद्योगास, नित्याभ्यासास आणि मिताहारास. रात्रीची प्रार्थना व कुराणपठण हीं त्यांच्याच पंक्तीस बसविलीं आहेत. विद्येचा हेतु ईश्वराचा संतोष आणि स्वतःचें व इतरांचें अज्ञान दूर करणें हा असावा, लौकिकाची हांव नसावी, असें त्याचें स्पष्ट सांगणें आहे.

असें सांगणें त्यास शक्य होतें, कारण त्याच्या काळीं आजच्यासारखी परीक्षा नव्हती. शिष्यानें गुरूपाशीं बसून एक ग्रंथ वाचावा, आणि तो त्यास अवगत झाला अशी खात्री पटल्यावर गुरूनें तो ग्रंथ शिकविण्याची अनुज्ञा द्यावी, ही पद्धति होती. या अनुज्ञेस 'इजाजा' म्हणत. तीवर गुण नसत, श्रेणी नसे. असे तें गुरूचें नांव. अमुक तासांत अमुक प्रश्न सोडविण्याचें भय ज्यास नाहीं, त्याची प्रार्थना ज्ञानापुरतीच राहावी हें स्वाभाविक होय.

एकोणिसाव्या शतकांत ही स्थिति पालटली. आपल्याकडे १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. १८६६ सालीं देवबंद येथें निघालेल्या दारुल् उलूमनें विद्या जुनीच ठेविली. पण ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग आणि वार्षिक परीक्षा ही व्यवस्था इंग्रजी शाळांच्या धर्तीवर उचलली. कैरो येथील दहाव्या शतकापासून चालत आलेल्या अल्-अझहरमध्येंहि १८७२ सालीं नवा कायदा झाला, आणि अध्यापक होऊं इच्छिणाऱ्यास सहा उलेमांच्या मंडळापुढें अकरा विषयांत परीक्षा देणें भाग पडलें. जेथें एका गुरूची ओळख पुरत असे, तेथें आतां परीक्षकांचें मंडळ आलें.

प्रार्थनांचे शब्द तेच राहिले. त्यांचें स्थान मात्र सरकलें. पूर्वीं त्या पुस्तक उघडतांना म्हटल्या जात, आतां प्रश्नपत्रिका उघडतांनाहि म्हटल्या जाऊं लागल्या. ईश्वर सोपें करील तेंच सोपें, या आशयाची पैगंबरांची म्हणून इब्न हिब्बान (मृत्यु ९६५) यानें नोंदलेली प्रार्थना कोणत्याहि संकटासाठीं होती. ती आज विशेषेंकरून परीक्षेची झाली आहे. यांत कांहीं गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. भ्यालेल्या मुलानें देवाचें नांव घ्यावयाचें नाहीं, तर कोणी घ्यावयाचें? शिवाय आळसास पांघरूण घालण्यास ही परंपरा जागाच ठेवीत नाहीं. उंट बांधून देवावर विसंबूं, कीं मोकळा सोडून विसंबूं, असें विचारणाऱ्यास पैगंबरांनीं आधीं बांध आणि मग विसंब, अशा अर्थाचें उत्तर दिल्याचें तिर्मिजीनें नोंदलें आहे.

आम्हांस खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. पैगंबरांच्या प्रार्थनांत आणखी एक आहे, आणि ती परीक्षेच्या दिवशीं क्वचितच ऐकूं येते : ज्या ज्ञानाचा उपयोग नाहीं, अशा ज्ञानापासून आपलें रक्षण व्हावें. पंचवीस-तीस वर्षें आम्ही प्रश्नपत्रिका काढल्या व उत्तरपत्रिका तपासल्या. ज्यांचीं उत्तरें परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरलीं तरी कोणाचें कांहीं अडू नये, असे प्रश्न त्यांत किती होते, हें आठवून आम्हांस संकोच वाटतो. समोरच्या बांकावरील तो मुलगा ज्ञान वाढावें म्हणून हात पसरतो, आणि आम्ही त्याच्या ओंजळींत गुणांचा आंकडा टाकतों. त्याची प्रार्थना जुनी आहे, आणि मागणेंहि मोठें आहे. त्या मागण्यास साजेल असा प्रश्न त्याच्यापुढें ठेवणें हें काम मात्र देवाचें नव्हे, आमचें आहे.