सिमेंटचा पत्रा: ‘शाश्वत’ म्हणून विकला गेला, मग बंदी का आली?

गोठा, गोदाम, कारखान्याची शेड, चाळीतला संडास... यांवर दिसणारा करडा, नागमोडी ‘सिमेंटचा पत्रा’ बहुतेकदा नुसत्या सिमेंटचा नसतो. त्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू असतात.

नुसतं सिमेंट पातळ थापलं की तडकतं. तंतू त्याला धरून ठेवतात. मातीच्या भिंतीसाठी चिखलात भुसा कालवतात, तसंच हे. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी कागद बनवण्याच्या यंत्रावर हा लगदा थरावर थर चढवून पत्रा तयार केला आणि 1901 मध्ये पेटंट मिळवलं. लॅटिनमधल्या ‘शाश्वत’ अर्थाच्या शब्दावरून नाव ठेवलं इटर्निट. पत्रा गंजत नाही, जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्तही. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात तर घरांच्या भिंतीसुद्धा याच्याच असायच्या.

मग बिघडलं कुठे?

पत्रा कापला, भोक पाडलं किंवा तो झिजला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात रुतून बसतात आणि शरीराला बाहेर टाकता येत नाहीत. फुप्फुसाचा कर्करोग किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा कधीकधी 30-40 वर्षांनी उघड होतो. धोका उशिरा कळण्याचं हेच मोठं कारण.

इटलीतल्या काझाले मोनफेर्रातो या गावात 1907 ते 1986 इटर्निटचा कारखाना होता. तिथला टाकाऊ भुगा लोकांनी माळ्यावर, अंगणात पसरला. कारखान्यात कधी पाऊल न टाकलेली माणसंही मेसोथेलिओमाने दगावली. इटलीने 1992 मध्ये, ब्रिटनने 1999 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 2003 च्या अखेरीस बंदी घातली.

भारतात मात्र आयात केलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसपासून असे पत्रे बनत राहिले. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलं.

घरावर असा पत्रा असेल तर?

धडधाकट पत्र्याखाली राहण्याचा धोका कमी असतो. घाबरून स्वतःच तो उतरवणं जास्त घातक. ड्रिल किंवा करवत चालवू नका. पावसाळ्याआधी त्यावरचं शेवाळ कोरडं खरवडू नका. हलवावाच लागला तर पाणी मारून, न तोडता उतरवून घ्या. मोडके तुकडे अंगणात भर म्हणून टाकू नका. काझालेच्या अंगणांत भुगा असाच पडला होता.